उत्तुंगचं धुकं

३ ऑक्टोबर

नाही म्हणून आले. तोंडावर! संपादकबाईंना – आम्ही सगळे त्यांना पाठीमागे कात्री म्हणतो – नाही ऐकायची सवय नाही. आमच्या उत्तुंग चित्रकथेच्या शेवटच्या अंकात त्यांना धुकं विरलेलं हवंय. लख्ख ऊन, भर चौक, माणसंच माणसं, आणि मधोमध उत्तुंग मुखवटा काढतो. "वाचक दोन वर्षं याचीच वाट बघतायत," म्हणाल्या. मी म्हटलं, कथेला शोभणार नाही. कथेला अगदी शोभतं. हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

घरी येऊन भांडी आपटली. भांड्यांचा काय दोष.

५ ऑक्टोबर

वर्तमानपत्रातली मुलगी मुलाखतीला आली होती. तोच प्रश्न – धुक्याची कल्पना सुचली कशी? मी नेहमीचं उत्तर दिलं. भीती दिसत नाही म्हणून ती मोठी होते, वगैरे. तिने मान डोलावून सगळं उतरवून घेतलं. हल्ली जो उठतो तो आपल्या नायकाला धुक्यात सोडतो. एकाचा नायक तर समुद्राच्या तळाशी राहतो, तिथेही धुकं!

खरं उत्तर फक्त इथे. उत्तुंग मी लिहिते, चित्रं दादा काढतो. दादाचा हात.

दोन वर्षांपूर्वी जेवायला गेले होते त्यांच्याकडे. दादाने चहाचा कप उचलला आणि बशी वाजायला लागली. वहिनीने बोलता बोलता कप काढून घेतला, जणू रिकामाच होता. दादा खिडकीबाहेर बघत बसला. मी भाच्याच्या परीक्षेचं विचारलं. पुढच्या अंकात भरलेलं स्टेडियम लिहायचं ठरवलं होतं. घरी येऊन त्या जागी धुकं लिहिलं. धुक्यात रेषा कमी लागतात. एक दिवा, एक खांदा, अर्धा चेहरा. उत्तुंगचं उडणंही बंद केलं, कारण तो उडाला की खाली अख्खं शहर काढावं लागतं. लोक म्हणाले, काय धाडस, नायकाला जमिनीवर आणलं! म्हणू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

८ ऑक्टोबर

कात्रीचा फोन. आवाज एकदम गोड, म्हणजे धोका. "तुम्ही लिहिणार नसाल तर दुसरं कुणीतरी लिहील. आणि तुमच्या दादांना एवढी गर्दी झेपणार नसेल तर तसं सांगा. नवीन चित्रकार रांगेत उभे आहेत."

कळलंय का हिला? "दादाला काय झेपत नाही!" म्हणाले आणि फोन ठेवला. मीच सापडले की आता. चौक लिहिला तर दादाचा हात उघडा पडणार. नाही लिहिला तर उत्तुंग दुसऱ्याच्या हातात जाणार. इकडे आड तिकडे विहीर.

उत्तुंगला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हापासून दादा तो काढतोय. मला लिहायला घेतलं तेही त्याच्याच शब्दावर. त्याच्याकडून उत्तुंग काढून घेतला तर तो दिवसभर करणार काय? मला त्याचीच भीती वाटते. बाकी गेलं खड्ड्यात.

११ ऑक्टोबर

दादा घरी येऊन थडकला. कात्रीने त्यालाच विचारलंन सरळ.

"शहाणे, माझ्या वतीने नाही म्हणणारी तू कोण?"

दोन्ही हात खिशात. आला तसे, जाईपर्यंत. मी म्हटलं, "अरे, वेळ कमी आहे." म्हणाला, "वेळेचं मी बघतो. तू चौक लिही. पोरं खांद्यावर घेतलेले बाप लिही, टोपीवाले लिही, खिडक्यांतून वाकलेल्या बायका लिही. कंजूषपणा करू नकोस."

मी चहा विचारला नाही. बशी वाजेल म्हणून. त्याने मी रागावले असं धरलं असणार. जाताना दार त्याने खांद्याने ढकललं. मला रडू आलं.

१४ ऑक्टोबर

लिहिला चौक. गर्दीत एक एक माणूस घालताना दादाच्या पाठीवर एक एक वीट ठेवतेय असं वाटत होतं. पाठवून दिला.

२१ ऑक्टोबर

पानांचा पत्ता नाही. वहिनीला फोन केला. "होतायत," म्हणाली. "दार बंद आहे त्याचं." दादाचा जुना नियम – काम चालू असताना आत फक्त वहिनी. ती पेन्सिलीच्या रेषा खोडते, शाईने काळं भरते. मी विचारलं, "बरा आहे ना तो?" म्हणाली, "बरा आहे."

कात्रीचा निरोप: उद्या संध्याकाळपर्यंत पानं आली नाहीत तर काम दुसऱ्याकडे.

ठरलं. उद्या सकाळी जाऊन दादाला सांगणार की मला सगळं माहीत आहे. चिडला तर चिडू दे. नंतर कात्रीकडे जाऊन सांगेन, शेवट मलाच जमला नाही. माझी अब्रू गेली तरी चालेल.

२२ ऑक्टोबर

दार न वाजवता आत गेले. टेबलाशी वहिनी, हातात पेन. शेजारी दादा, हात मांड्यांखाली दाबून, माझं लिखाण तिला मोठ्याने वाचून दाखवत होता. तिच्या पुढ्यातल्या पानावर चौक काठोकाठ भरला होता, एकासारखा दुसरा चेहरा नाही.

"कधीपासून?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"धुक्याच्याही आधीपासून," वहिनी म्हणाली. पेन खाली ठेवला नाही. "दोन वर्षं नुसतं धुकं काढतेय मी. मला वाटलं, तुला गर्दी लिहिता येत नाही."