कस्तुरी पिशोरला आहे

१८ जून २०१६
सोडून आलो. नऊ वर्षांच्या लेकीला पिशोरला, सासूबाईंकडं, सोडून आलो! शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तिसरी झाली तरी वाचता येत नाही. दाखला घेऊन जा." हे म्हणाले, "गावच्या शाळेत रमंल. सगळेच कुठं वाचून मोठे होतात?" बजाजनगरच्या या दोन खोल्या एवढ्या मोठ्या कधी झाल्या?

१९ जून
सवयीनं दूध जास्त घेतलं. नासलं.

२ जुलै
मी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. आज एक बाई मुलीला घेऊन आल्या. पोरगी भिंतीवरची पाटी बोटानं वाचत होती. 'बसा'चं 'वसा' झालं. स्वतःच हसली, परत वाचलं. मी खुर्चीतून उठलेच — हुबेहूब माझी कस्तुरी! फक्त ही हसत होती.
"डिस्लेक्सिया आहे हिला," बाई म्हणाल्या. "डोकं तल्लख आहे हो. अक्षरं तेवढी दगा देतात." रोशन गेटजवळच्या नसीम मॅडमचा पत्ता दिला त्यांनी. खास अशाच मुलांना शिकवतात म्हणे.

५ जुलै
नसीम मॅडमनी आधी विचारलं, "बच्ची को क्या अच्छा आता है?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! मी सुटलेच — एकदा ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगते, दौलताबादच्या किल्ल्यात आम्ही वाट चुकलो तेव्हा तिनंच बाहेर काढलं. अन् पुस्तक उघडलं की पोटात दुखतं म्हणते.
"अक्कल की कमी नहीं है," मॅडम म्हणाल्या. "तिची शिकायची वाट वेगळी आहे. वेळ लागेल, पण वाचेल. तपासणी करू. घेऊन या तिला."
वाचेल! रिक्षात बसून रडले.

१० जुलै
पिशोरला गेले. कस्तुरी पळत येऊन बिलगली. म्हटलं, "चल घरी. तुझ्यासाठी छान बाई शोधल्यात." मिठी सुटली. "मी नाय येणार. तिथं सगळे हसत्यात."
सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. आत्ता कुठं पोटभर जेवाया लागलीय."
एकटीच परतले. पदराला तिच्या केसांचा वास आहे. साडी धुवायची नाही.

१३ जुलै
फोनवर नुसतं "हं" म्हणते.

१६ जुलै
मॅडमना सांगितलं, पोरगी येत नाही. वाटलं, संपलं सगळं. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही शिका! तपासणी नंतर करू, आधी भीती जाऊ द्या." ताटात रवा पसरला. त्यात बोटानं अक्षर काढायचं, त्याचा आवाज तोंडानं म्हणायचा, मग डोळे मिटून परत काढायचं. ब आणि व तर एका दिवशी शिकवायचेच नाहीत!

६ ऑगस्ट
दवाखान्याची नोकरी सोडली. यांना सांगितलं, "मी पिशोरला राहायला जाते. तिला तिथंच शिकवते."
वाटलं, ओरडतील. मग म्हणाले, "कंपनीत रात्रपाळी मी मागून घेतो, ठाऊक आहे का? तिचं रिकामं अंथरूण बघवत नाही." मला वाटायचं, मी एकटीच झुरतेय. म्हणाले, "जा तू. सुट्टीला मी येत जाईन."

१४ ऑगस्ट. पिशोर.
माझी मोठी बॅग बघून कस्तुरी दारातच थबकली. जवळ आली. कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "आई, तूबी नापास झालीस का?"
"व्हय," मी म्हणाले.
तिनं बॅगेचा एक बंद धरला, आणि मला घरात नेलं.