टाइपरायटरवरच्या अक्षता

डमडम, कोलकाता
९ डिसेंबर २०२४

चि. चैत्राली,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसच्या पत्त्यावर मामाचं पाकीट पाहून हसशील. हस्ताक्षर, तिकीट, डिंक, सगळं तुझ्या ऋषभच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहात शोभेल असं. पण तुझ्या फोनवरचं सगळं तो इकडे बराकपूरला बसूनही वाचतो, हे तूच कौतुकानं सांगितलं होतंस. "आमच्यात लपवाछपवी नाही, मामा!" पाकीट मात्र आधी तूच फोडशील. जुन्या वस्तूंचा हा गुण त्या संग्राहकाच्या ध्यानात आलेला नाही.

इथे थंडी सुरू झाली. म्हणजे शेजारच्या घोषबाबूंनी माकडटोपी चढवली आणि आम्ही अजून पंखा लावतो. बाजारात खजुराचा नवा नोलेन गूळ आला आहे. मामीचा हात ठीक आहे. दारात सापडला, हे तुला ऋषभनं सांगितलंच.

केळवण छान झालं. निदान सुरुवात छान झाली. तू पुण्यात, म्हणून त्याच्या एकट्याचंच केलं. बराकपूरहून तो मांडीवर एक पत्र्याची पेटी घेऊन आला. आत देवनागरी टाइपरायटर! लग्नाच्या पत्रिका स्वतः टाइप करणार म्हणाला. "छापील पत्रिकेला जीव नसतो, मामा. इथे प्रत्येक अक्षराला बोटाचा जोर लागतो." मी दोन ओळी टाइप करून पाहिल्या. टक्कन ठसा उमटतो, खोडायची सोय नाही. अक्षर म्हणजे न पुसलं जाणारं; माझ्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसाला आणखी काय हवं? तुझ्या निवडीवर मी खूश झालो. बाई गं, ते खूश होणं आता घशाखाली उतरत नाही.

पुढचं तुझ्या मामीच्या, सरलाच्या स्वभावानुसार घडलं. पहिली पत्रिका गणपतीची, ती या यंत्रावर निघणार, म्हणजे यंत्राची पूजा हवीच. खंडेनवमीला ती मिक्सरलाही सोडत नाही. तिनं हळदकुंकू लावलं आणि ओल्या अक्षता वाहिल्या. तांदूळ थेट टाइपच्या दांड्यांत.

ऋषभनं कळ दाबली. दांडी अर्ध्यात अडकली. "हे काय केलंत, मामी?" हसत विचारलं त्यानं. सरलाही हसली, "थांब रे, काढते," म्हणत तिनं बोटं आत घातली.

त्यानं तिचं मनगट धरलं. मला वाटलं, बाजूला करतोय. त्यानं हात बाहेर ओढला, टेबलावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं यंत्र एका कडेवर उचललं आणि बोटांवर आदळलं. एकदा नाही. सरलाचा आवाज मी इतक्या वर्षांत तसा ऐकला नव्हता. यंत्रातली घंटा प्रत्येक वेळी वाजत होती.

मी श्रीखंडाचं पातेलं टाकून धावलो. तोवर त्यानं यंत्र नीट ठेवलं होतं आणि रुमालानं रोलर पुसत होता. रोलर, चैत्राली. हाताकडे पाहिलंही नाही. मग बेसिनवर जाऊन आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "चूक तुमची होती, मामी. वाढा आता."

आणि सरला वाढायला उठली. उजवा हात पदरात गुंडाळलेला, डाव्या हातात वाढणी. जावई ना! त्या क्षणी मला त्याच्याहून जास्त भीती तिच्या त्या उठण्याची वाटली.

मी त्याचं ताट उचलून सिंकमध्ये पालथं केलं. त्यानं माझं डोकं कपाटावर आपटलं. मी, ज्यानं आजवर झुरळही वर्तमानपत्रात धरून बाहेर सोडलं, त्याच्या दंडाला कडकडून चावलो. रक्त आलं. चव सांगत नाही.

आवाज ऐकून घोषबाबू आले. "की होलो, दादा?" ऋषभ शर्टाची बाही सारखी करत म्हणाला, "मामींचा हात दारात सापडला." इतकं सहज, की आम्ही दोघंही मान डोलावून बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो पाहून सरलाला विचारलं, "कसलं दार हे?" तेव्हा ती रडली आणि तिनं सांगितलं. दोन बोटं मोडली आहेत, एक कदाचित वाकडंच राहील. ठाण्यात तक्रार आजच दिली.

शोभाताईला फोन करणार होतो. पण तुझी आई आधी त्यालाच विचारेल, "खरं का रे, बाळा?" सरलाही म्हणाली, "आधी चैत्रालीला. तिला विचारायचं राहिलंय, ते विचारा."

तर विचारतो. साखरपुड्यानंतर तो पुण्यात राहिला होता, त्या आठवड्यात व्हिडिओवर तू सारखी बाही खाली ओढत होतीस. मी चेष्टा केली, "नव्या बांगड्या लपवतेस काय?" तू हसलीस, आणि सरलानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. तिला बाहीखालचा वळ दिसला होता. मला ते ओढणं दिसूनही विनोद सुचला. तो वळ कुणाच्या हातचा?

बस्त्यासाठी तो शनिवारी पुण्याला येतोय. आम्ही शुक्रवारी सकाळच्या विमानानं निघतोय. तोवर त्याला एकटी भेटू नकोस. "माझ्याशी तो तसा नाही," असं मनात आलं, तर सरलाला फोन कर, कोणा मैत्रिणीच्या फोनवरून. मला उत्तर लिहायची गरज नाही. आज घरी गेल्यावर, बाबा यायच्या आत, आईला स्वयंपाकघरात घे. काही बोलू नकोस. फक्त बाही वर कर.

तुझ्यासाठी पुन्हा चावायला तयार असलेला,
चंद्रकांतमामा