एक जुलमी, एक पाहुणा

प्रिय दत्तू,

तुझा फोन मी मधेच ठेवला, राग आला असेल. येऊ दे. फोनवर मला रडू फुटतं आणि तू समजूत घालायला लागतोस, म्हणून लिहितेय.

तुझे दाजी जेवतात, रानात चक्कर मारून येतात. पण ठिबक सिंचनाच्या कामाचं नाव काढलं की उठून बाहेर जातात. त्याच कामाला परदेशी गेला होता ना रे माझा माणूस! तिथल्या हुकूमशहाने स्वतःच्या बागेसाठी एका गावाचं पाणी तोडलं, आणि ह्यांनी त्या तहानलेल्या बायाबापड्यांसाठी बागेच्या पाण्यातून एक पाइप सोडून दिला. एवढाच गुन्हा. तुरुंगात हात बांधून टांगलं. त्या हुकूमशहाच्या वाढदिवसाला मेहेरबानी म्हणून काही कैदी सोडले, त्यात हे सुटले. नारायणगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा मी त्यांच्या शेजारून पुढे निघून गेले. ओळखलंच नाही.

हे आत असतानाच त्या देशाच्या शेजारच्या हुकूमशहावर तू स्थायिक झालास त्या मोठ्या देशाच्या सरकारने बॉम्ब टाकले. तू तिथला नवा नागरिक, हौसेने फोन केलास, "आक्का, जुलमी माणसाला जगात थारा नको!" मला पटलं. वाटलं, आता ह्यांना टांगणाऱ्याचीही पाळी येईल. तर तोच टीव्हीवर दिसला, तुमच्या राजधानीत लाल गालिच्यावर! तुमचे पुढारी हसून हात मिळवत होते. विचारलं तर म्हणालास, "ते वेगळं असतं आक्का. तो आपल्या बाजूचा आहे." आपल्या म्हणजे कुणाच्या रे? सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "लांडगा शेजाऱ्याची मेंढरं खातो, म्हणून काय आपला राखण्या व्हतो व्हय?"

आणि काल तू म्हणालास, तुझ्या कंपनीला त्याच देशात मोठं काम मिळालंय, तेव्हा दाजींच्या तुरुंगवासाबद्दल विचारायला पुण्याहून जो बातमीदार येणार आहे त्याच्याशी त्यांनी बोलू नये. भाऊबीजेला येऊन तूच सगळं निस्तरशील, असंही म्हणालास. दत्तू, ते बोलले. आज सकाळी, ओसरीवर बसून, सगळं. कसं टांगलं ते दाखवताना उजवा हात वर जाईना, तेव्हा मी तो धरून उचलला. बातमीदाराने विचारलं, "नावं छापली तर चालतील?" हे म्हणाले, "छापा." मी म्हटलं, माझंही छापा, माहेरच्या आडनावासकट. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवावं, म्हणून हे पत्र. भाऊबीजेला ये. पण छापलेलं वाचून ये.

तुझीच,
पुष्पाआक्का
राजुरी