मिक्सरच्या पोटातला लाल ठिपका

ती. आई,

मिक्सर दुरुस्त होऊन घरी आलाय. तो आपलाच आहे की कोणी बदलून दिलाय, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? तुमच्याइतकं संशयी माणूस आता अख्ख्या झाशीत मला माहीत नाही.

तुम्ही गेल्यावर तुमची भांडी, लुगडी, सगळं लेकींमध्ये वाटून झालं. या सुनेच्या वाट्याला हा मिक्सर राहिला. परवा दाण्याचं कूट करताना जळका वास आला आणि तो बंद पडला. तुमचे चिरंजीव लगेच म्हणाले, "एक्सचेंजमध्ये देऊन टाकू." त्या दुकानदाराने मिक्सर हातात घेतला नाही, प्लग लावून पाहिला नाही, नुसता हो म्हणाला आणि एक्सचेंजची चिठ्ठी लिहून दिली. न बघता जो जुनं घेतो, तो त्याचं करतो काय? नाल्याकाठी तांब्यासाठी वायरी जाळतात, तो काळा धूर तुम्हीच मला दाखवला होतात.

तुम्ही कुठलीही वस्तू घेताना आधी ती उलटी करायचात. "भैया, पेच किधर हैं?" एकदा पेचांऐवजी नुसता चिकटवलेला टोस्टर तुम्ही सरळ परत ठेवलात. "जे उघडत नाही, ते बिघडलं की कचराच," असं दुकानदाराच्या तोंडावर म्हणालात. मी आपली दाराकडे बघत उभी.

आणि दुरुस्तीला देण्याआधी मोटारीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, म्हणजे कोणी बदलली तर कळेल, ही तुमचीच पद्धत. माझं नेलपॉलिश इतक्या लवकर संपतं कसं, म्हणून मी बिचाऱ्या वन्संवर संशय घेत होते! एकदा तुम्हाला पंखा उघडून बसलेलं पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. आधी सांगायचं तरी मला.

तर मिक्सर मी नगरा मोहल्ल्यात तुमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्या हरगोविंद भैयांकडे नेला. तुम्ही त्यांच्या दुकानात स्टुलावर ठाण मांडायचात, काम संपेपर्यंत नजर हलवायचा नाहीत. पण मोटारीची जळलेली तार पुन्हा गुंडाळायची होती, त्यामुळे मला तो तिथे ठेवून यावं लागलं. घरी आणल्यावर तुमची खूण बघायला ओट्यावर उघडला. लाल ठिपका नव्हता. निळा होता.

यांना तेवढंच हवं होतं. "मोटारच आईची नाही, मग ठेवायचा कशाला? रविवारी देऊन टाकतो." मला रडू आलं, आई. तुमचं एवढंसं राहिलं होतं, तेही माझ्या हातून गेलं असं वाटलं.

तशीच उठून मिक्सर घेऊन नगऱ्यात गेले. "अम्माजी का लाल निशान कहाँ गया?"

हरगोविंद भैयांनी मोटार बाहेर काढली आणि पालथी केली. खालच्या अंगाला, फिकट झालेला, तुमचा लाल ठिपका. चोराला दिसेल अशी खूण तुम्ही कशाला कराल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

"और ये नीला?"

"हमारा है। अम्माजी पे हमें रत्ती भर भरोसा नहीं था, भाभीजी। एक बार पंखे में दूसरी दुकान की मोटर डलवाके हमीं से लड़ने आई थीं।"

असं केलंत तुम्ही? आणि वर आम्हाला शहाणपण शिकवत होतात? मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. "वैसा ग्राहक अब कहाँ," म्हणाले आणि मोटार जागेवर बसवायला लागले.

एक्सचेंजची चिठ्ठी मी यांच्यादेखत फाडली. यांना अजून वाटतं, तो लाल ठिपका भैयांनी आत्ताच दिला असणार. शेवटी मुलगा कोणाचा!

वचन देते, आई. उघडता येत नाही ते या घरात येणार नाही, आणि दुरुस्त होतं ते घराबाहेर जाणार नाही. आज पेच आवळण्याआधी मीही एक ठिपका दिलाय. तुमच्या ठिपक्यावर नाही, शेजारी. तुमचा कोणी पुसला तर मला कळायला हवं.

तुमच्या वळणावर गेलेली,
शुभदा