काटा पुन्हा लाल रेषेवर

७ मे
गाडी पुन्हा तापली! शहराबाहेरचा पहिलाच चढ, आणि काटा लाल रेषेवर. थांबत थांबत, पाणी ओतत कशीबशी उलानबातरला परतले. नवरा फाटकातच उभा – "म्हटलं नव्हतं, विकून टाक ते डबडं? तुझ्या बाबांना बसने आण."

बसने! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला? वीस तारखेला इथे शहरात ऑपरेशन आहे. बाबांनी होकार कळवला तोही शेजाऱ्याला फोन करायला लावून. त्यांनी दिलेली तांबडी घोडी विकून मी ही गाडी घेतली, तेव्हापासून अबोला. तारीख चुकली तर पुन्हा हो म्हणायचे नाहीत. हट्टी आहेत. मीही त्यांचीच मुलगी. गाडी दुरुस्त होणार म्हणजे होणार!

९ मे
गळती नाही. कूलंट भरपूर. थर्मोस्टॅटची झडप काढून चहाच्या पातेल्यात उकळली, अगदी व्यवस्थित उघडली. संध्याकाळी नवऱ्याने त्याच पातेल्यात चहा केला. मी माझा कप हळूच मोरीत ओतला.

१० मे
गल्लीतले मेकॅनिक सोद्नोमकाका येऊन गेले. "गॅस्केट गेलंय, पोरी. इंजिन उतरवावं लागेल." बोनेट न उघडताच! "आवाजावरून कळतं मला." कळू दे. माझं इंजिन उतरणार नाही.

१२ मे
पंखा फिरतो. मग इंजिन गार का होत नाही? पुढच्या जाळीवर रेशमी रुमाल धरला – हवा आत ओढली गेली तर चिकटायला हवा. पडला! पुन्हा धरला, पुन्हा पडला. म्हणजे हवाच आत जात नाही. काहीतरी आडवं आलंय. हिवाळ्यात सगळे इंजिनावर घालतात ते पांघरूण तर मी मार्चमध्येच काढलं. उद्या बंपर खोलते.

१३ मे
सापडलं. रेडिएटरच्या पुढे लोकरीचा जाड नमदा, घोड्याच्या केसांच्या दोरीने बांधलेला. खालून सारला असणार. धुळीने काळा झालेला. झटकला तर निळी किनार दिसली.

तांबडीच्या खोगिराखालचा नमदा! काठाला नवे टाके, वाकडेतिकडे. ऑक्टोबरात बाबा डोळे तपासायला आले होते. माझ्या घरात राहून माझ्याशी एक शब्द नाही. सकाळी अंगणात गाडीपुढे गुडघे टेकून बसलेले दिसले. मला वाटलं, गाडीला शिव्या घालतायत.

खूप रडले. मग बंपर बसवला.

१७ मे
निघाले. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून नवऱ्याने मागून चाकांवर दूध शिंपडलं, डबडं म्हणाला नाही. चढ पार! काटा मधोमध.

१८ मे
बाबा माळावरच्या तंबूतून चाचपडत बाहेर आले ते थेट गाडीकडे. बोनेटवर हात फिरवला. "हिवाळ्यात गारठली नाही ना ही?"
"नाही बाबा. पण नमदा आत्ता काढला. तापत होती."
"आत्ता? मे महिन्यात? घोडीचं खोगीर उतरवायलाही असाच उशीर करायचीस, आळशी कुठली!"
दोन वर्षांनी बोलणी खाल्ली. पोट भरलं.