तुझ्या अक्षरांसाठी हार्ड डिस्क

नंदनवन, नागपूर
एप्रिल १९८९

प्रिय सुमन,

आज मी हार्ड डिस्क विकत घेतली. एवढं एक वाक्य मला कुणाला तरी सांगायचं होतं. रिक्षातलं सामान उतरायच्या आधी कुलूप काढलं, आत आलो, बोलायला तोंडही उघडलं, आणि समोर तुझी रिकामी खुर्ची! भर चौकात माईकशिवाय सभा गाजवणारा माणूस मी, आणि घरात माझं एक वाक्य ऐकायला कुणी नाही. म्हणून लिहितो आहे.

हसू नकोस. हो, मीच घेतली. कॉम्प्युटर कामगाराची भाकरी गिळणार, असं ऑफिसांच्या फाटकांसमोर घसा फोडून सांगणाऱ्या तुझ्या नवऱ्यानं.

पण सुरुवात कुणी केली? धरमपेठेत तू शिकायला जायचीस तो कॉम्प्युटर क्लास बंद पडला आणि तू तिथलं एक मशीन स्वस्तात विकत घेऊन घरी आणलंस, तेही मी सभेला गेलेलो असताना! परत आलो तर टेबलावर हिरवा पडदा लुकलुकत होता.

"हे काय आणलंस?"

"तुमचा दुश्मन. म्हटलं, घरीच असला म्हणजे तुमाले भांडाले दूर जा लागत नाही."

मी चप्पल न काढता सुरू झालो. हातमाग कसे बंद पडले, विणकर कसे देशोधडीला लागले, यंत्र कुणाच्या मालकीचं हाच खरा प्रश्न कसा आहे. तू पदराला हात पुसत सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "झालं? आता टाळ्या वाजवू का जेवाले वाढू? घरात सभा नका घेत जाऊ जी, शेजारचे वर्गणी द्याले येतीन."

त्या यंत्राला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं, हे तुला खटकलं. तू गणिताची बाई. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन काळा करत तू 'क' काढलास आणि तो ठिपक्याठिपक्यानं यंत्राला शिकवलास. तुझ्या शाळेतल्या पोरींना त्या पडद्यावर आपली अक्षरं दिसावीत, एवढाच तुझा हट्ट. मी चिडवलं, तेव्हा मान वर न करता म्हणालीस, "तुमच्या भाषणात सदा जनतेची भाषा, जनतेची भाषा! मी तेच या मशीनले शिकवून राहिली. मंग काहून चिडून राहिले?"

मी आपलं पुस्तक उघडून बसलो.

तुला हार्ड डिस्क तेव्हाच हवी होती. एक फ्लॉपी काढ, दुसरी घाल, यातच तुझी संध्याकाळ जायची. "दिवाळीत घेऊ," म्हणालीस. दिवाळी आली. तू सप्टेंबरातच गेली होतीस. इतकी कसली घाई होती गं?

मी त्या मशीनवर चादर टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं. गेल्या महिन्यात वंदना आली. तुझ्याकडे दहावीचं गणित शिकलेली वंदना आता बँकेत तसल्याच यंत्रावर बसते. तुझी अक्षरं बघायची म्हणाली. तिनं फ्लॉपी घातली. खरखर झाली, पडद्यावर इंग्रजीत नकार आला. दुसरी घातली, तेच. मग तिनं ती फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या चकतीवर पांढरे ठिपके!

"बुरशी आहे काका. बाईंनी या ठेवल्या कुठं होत्या?"

कूलरसमोर! सुमन, आता तुला काय म्हणू? मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक वाकडं होईल, म्हणून तू तो अख्खा डबा कूलरच्या वाऱ्यात ठेवलास. नागपूरच्या बाईलाच सुचावं हे! उन्हापासून जे जपायचं ते कूलरपुढं न्यायचं, मग ती फुलं असोत, तापलेलं पोर असो की फ्लॉपी. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ती ओली, सुगंधी हवा तुझ्या अक्षरांना लागली आणि पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी उगवली. गणितात इतकी पक्की तू, हा हिशेब कसा चुकलीस?

"एकेक करून साऱ्याच जातील," वंदना म्हणाली. "जे अजून वाचता येतं ते हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ. तिचा डबा बंद असतो, ओली हवा आत जात नाही. पण लवकर करा काका, कूलर सुरू व्हायच्या आत."

आज आम्ही सीताबर्डीवर जयस्वालच्या माडीवरच्या दुकानात गेलो. मशीन तुझ्या माहेरच्या, काटोलच्या रजईत गुंडाळून रिक्षातून नेलं. तुझाच नियम ना? वस्तू आपल्या डोळ्यांदेखत तासभर चालल्याशिवाय घ्यायची नाही. कूलर घेताना तू दुकानात डबा उघडून जेवली होतीस आणि मी लाजेनं रस्त्यावर उभा होतो. आज मी डबा नेला होता. वंदनाला अर्धी पोळी दिली.

जयस्वालला मला नवं मशीनच विकायचं होतं. "हा खटारा कायले ठेवता साहेब?" मग त्यानं दोन डिस्क काढल्या. एक जुनी, दहा एमबीची, कुठल्याशा ऑफिसातून निघालेली. दुसरी नवी, वीस एमबीची. नवी चांगली, पण तुझ्या मशीनचा पॉवर सप्लाय म्हातारा; तो तिला फिरवेल की नाही, याची खात्री त्यालाही नव्हती. "जुनीच घ्या. पुरानी मशीन, पुरानी डिस्क. जोडा जमते."

मी म्हणालो, ही ग्राहकाची फसवणूक आहे, या व्यवस्थेत नव्याची भीती घालून जुनं गळ्यात मारतात, आणि... जयस्वालनं हात जोडले. "साहेब, डिस्क घ्याची आहे का क्रांती कराची आहे?"

वंदना हसली. मीही हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तिनं तुझ्या मशीनमधला एक फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी नवी डिस्क बसवली. जुनी दुकानाच्या मशीनवर लावली. दोन्ही फिरू लागल्या. आम्ही बसलो. ऊन जिन्यापर्यंत आलं होतं. आणि लाइट गेली.

सगळे गॅलरीत आलो. खालून आमच्या युनियनचा ढोले सायकल धरून ओरडला, "दामूभाऊ! तिथं वरते काय करून राहिले गा? या दुकानावर मोर्चा आणाचा काय?"

रस्त्यावरची चार माणसं वर बघू लागली. क्षणभर वाटलं, सांगावं काहीतरी. मग वाटलं, कुणापासून लपवायचं? कशासाठी?

"नाही गा. डिस्क घेऊन राहिलो."

"कोणासाठी?"

"सुमनसाठी."

ढोलेनं सायकल भिंतीला टेकवली. वर आला आणि माझ्याशेजारच्या स्टुलावर बसला.

लाइट आली. दुकानाच्या मशीनवरची जुनी डिस्क गुरगुरली, पण फिरेना. जयस्वालनं तिला तळहातानं एक चापट मारली. "हे पाहा, चालू!"

ढोले म्हणाला, "साहेबाच्याच ऑफिसातली दिसते. हाणल्याबिगर हालत नाही!"

मग वंदनानं तुझ्या मशीनचं बटण दाबलं. पंखा अडखळला. पडदा उजळला, मिटला. डिस्कचा आवाज खोल कुठंतरी अडकून राहिला. पॉवर सप्लाय कमी पडला तर? दुसरी डिस्क चापटीवर चालणारी, आणि घरी तुझी अक्षरं रोज थोडी थोडी सडताहेत! मी टेबलाची कड घट्ट धरली. देवापुढं, नशिबापुढं कधी हात न जोडणारा मी, त्या म्हाताऱ्या पॉवर सप्लायला मनात म्हणालो, बाबा, एवढं कर.

आवाज चढत गेला. चढला आणि स्थिर झाला. लाल दिवा लागला.

"हीच द्या," मी म्हणालो. पैसे मोजले. ढोलेनं मशीन उचललं आणि रिक्षापर्यंत आणून दिलं.

घरी वंदनानं तासन् तास बसून अक्षरं उतरवली. बरीचशी वाचली, सुमन! 'क' वाचला. 'घ' वाचला, त्याच्या पोटातला तुझा तो गोल वळसासुद्धा. पण जोडाक्षरांच्या फ्लॉपीत काहीच उरलेलं नाही. मी वंदनाला शब्द सांगत गेलो आणि ती ते उमटवत गेली. घर आलं. आई, भाकर, काटोल आलं. कामगार आला, पण त्याचा हक्क काही आला नाही! क्रांती नाही, संघर्ष नाही. माझ्या भाषणातले बहुतेक मोठे शब्द बुरशीनं खाल्ले. शेवटी म्हटलं, 'सुमन' लिही. ते मात्र एका दमात आलं, हिरवंगार.

वंदना गेली. जाताना म्हणाली, बंद करून ठेवा काका. मी अजून केलेलं नाही. सात महिने या घरात माझ्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता. आता तुझ्या खोलीत ती डिस्क फिरते आहे आणि मी दार उघडं ठेवून हे लिहितो आहे.

फाटकासमोर मी बोलत राहीन, तेच आणि तितक्याच जोरात. ज्याचं काम जातं त्याच्या बाजूनं. तूही तेच म्हणाली असतीस, फक्त कमी शब्दांत. पण एक वचन देतो. तुझे आलेखाचे कोरे कागद कपाटात सापडलेत. बुडालेलं एकेक अक्षर मी पुन्हा काढीन. पहिला चौकोन आज काळा केला. रेघेबाहेर गेला. शिकेन. आणि उद्यापासून ऊन कितीही तापो, तुझ्या खोलीत कूलर लागणार नाही. मी तिथंच, घाम पुसत बसलेला असेन.

सभा न घेता.

तुझा,
दामोदर