सुधाचं भाषण

शनिवार, संध्याकाळ

देवळाली कॅम्पातला सत्कार एकदाचा उरकला. युद्धात काम केलेल्या आम्हा म्हाताऱ्या नर्सेसना शाल आणि नारळ. भाषणाला उभी कोण, तर सुधा! म्हणे, इस्पितळावर बॉम्ब पडला तेव्हा जळत्या वॉर्डातून तिने चार जवान बाहेर ओढले. मग डोळ्यांना रुमाल लावला. रुमाल कोरडा होता, मी पहिल्याच रांगेत होते.

ते जवान कुसुमने ओढले. त्या स्फोटात तिचा एक कान गेला, दुसऱ्याने जेमतेम ऐकू येतं. सुधा पलंगाखाली होती. ती घाबरली याचं मला काही नाही, मीही घाबरलेच होते. पण मैत्रिणीचं धाडस तिच्यासमोरच आपल्या नावावर खपवायचं, तिला ऐकू येत नाही म्हणून? आणि वर तो कोरडा रुमाल. शी!

शेजारी बसलेली कुसुम मनापासून टाळ्या वाजवत होती. मला विचारलं, "काय बोलली गं सुधा?"

मी तिच्या कानात ओरडले, "तुझंच सांगत होती. तू जवान कसे वाचवलेस ते!"

कुसुम तडक स्टेजवर गेली. सुधाला मिठी मारून माइकसमोरच मोठ्याने म्हणाली, "सुधे, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस, लय बरं वाटलं!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सुधाची मान खाली.

मी खोटं बोलले ते कुसुमला जपायला? छे. सुधाला उघडं पाडायला.

पण परतताना रिक्षात कुसुम म्हणाली, "बिचारीला शब्द फुटेना गं. किती जीव आहे तिचा माझ्यावर!"

मी नुसतं "हो" म्हणाले.